म्होरकीला लावलेला भंडारा

आमच्या वाडीत माझी पीएच.डी. पोचायच्या आधी माझा राग पोचला. पीएच.डी. अजून व्हायची आहे. राग मात्र लहानपणीच पूर्ण झाला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं ते ऐकून लोक हसतात आणि माझ्या आईच्या भोळेपणावर बोट ठेवतात. ते मला सहन होत नाही. भोळी कोण होती ते शेवटपर्यंत ऐकून ठरवा.

वाडी जत तालुक्यातली. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, चाळीस मेंढरं आणि दीड एकर डाळिंब. मी प्रांजल. पुण्याच्या एका संस्थेत गेली पाच वर्षं मी तांब्याच्या ऑक्साइडचे स्फटिक वाढवते आणि त्यांच्यातले इलेक्ट्रॉन काय करतात ते क्ष-किरणांनी शोधते. हे पदार्थ पुरेसे थंड केले की त्यांच्यातून वीज बिनअडथळा वाहू लागते. ती तशी का वाहते यावर जगभरची शहाणी माणसं चाळीसेक वर्षं भांडत आहेत, आणि त्या भांडणात शेवटच्या बाकावर मलाही जागा मिळाली आहे.

एकदा आबांनी विचारलं होतं, "तू तितं करतीस तरी काय?" मी सांगितलं, एका ठरावीक ऊर्जेचा किरण स्फटिकावर सोडायचा. तो आत इलेक्ट्रॉनला धक्का देतो आणि बाहेर येतो तो थोडी ऊर्जा गमावूनच. किती गमावली ते मोजलं की आत काय हाललं ते समजतं. आबा बराच वेळ तंबाखू मळत बसले.

"म्हंजे सकाळी चाळीस सोडली, सांजच्याला अडतीस आली," ते म्हणाले. "दोन कुठं ऱ्हायली त्यावरनं रानात काय हाय ते वळखायचं."

माझ्या मार्गदर्शक संयोगिता मॅडम हे वाक्य आता परिषदांमध्ये वापरतात, आबांचं बिराप्पा हे नाव घेऊन. पाच वर्षांत मला ते इतक्या थोडक्यात कधी सांगता आलं नाही.

असा किरण जगात मोजक्याच ठिकाणी मिळतो. युरोपातल्या एका किरणकेंद्राकडे आम्ही दोनदा अर्ज केला, दोनदा नकार आला. तिसऱ्यांदा नोव्हेंबरचे पाच दिवस मिळाले. माझी फेलोशिप मार्चमध्ये संपत होती आणि प्रबंधाचं शेवटचं प्रकरण म्हणजे हे पाच दिवस. ते हातचे गेले तर पुढची संधी किमान वर्षभरानं, आणि तोवर मी संस्थेतच राहिले नसते.

पाठवायचे स्फटिक तीन. एकाच कांडीतून कापलेले, दोन मिलिमीटरचे चौकोनी काळे चकचकीत तुकडे. त्यातल्या एकाला मी भट्टीत तीन आठवडे ऑक्सिजन पाजला होता. तोच खरा, माझा अख्खा प्रबंध त्या तुकड्यात होता. बाकीचे दोन, वेळ उरला तर तुलनेसाठी. नुसत्या डोळ्यांनी तिघांत फरक करणं अशक्य. एका प्लॅस्टिकच्या डबीत तीन खड्डे होते, त्यात तिघांना ठेवलं आणि झाकणावर एक, दोन, तीन असे आकडे चिकटवले. फोटोही काढला. तो झाकण लावल्यावर काढला, ही गोष्ट जरा ध्यानात असू द्या.

दिवाळीमुळे संस्था बंद होती, म्हणून डबी घेऊन मी घरी आले. सोमवारी सांगलीच्या कुरिअरवाल्याकडे द्यायची होती. रविवारी दुपारी डबी बाजेवर उघडी, आई समोर करंज्या तळत बसलेली, आणि मी फोनवर कुरिअरवाल्याशी हुज्जत घालत होते. वस्तू कोणती, या रकान्यात त्याला "दगड" लिहायचं होतं. मी म्हणत होते, दगड लिहिलंत तर तिकडचे लोक दगड समजूनच फेकतील. अर्धा तास गेला. फोन ठेवला, झाकण लावलं, डबी पिशवीत टाकली.

आता मुक्काम कोरेगाव. मॅडमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्या माहेरी कोरेगावला होत्या. परदेशी जायचा प्रश्नच नव्हता, पण हल्ली त्याची गरजही पडत नाही. केंद्रावरची शास्त्रज्ञ स्फटिक यंत्रात बसवते आणि पुढचं सगळं आपण घरच्या संगणकावरून चालवतो. एल्के तिचं नाव. मी मॅडमच्या माजघरात संगणकाचे दोन पडदे मांडले, इन्व्हर्टर तपासला, घेवड्याची उसळ आणि भाकरी खाऊन दीड वाजता तयार होऊन बसले. तिकडे तेव्हा सकाळचे नऊ.

एल्केनं नमस्कार-चमत्कार न करता एक फोटो पाठवला. खाली तिनं विचारलं होतं: एका स्फटिकावर पिवळी, तेलकट पूड आहे, ती काय आहे? हे असं मी निर्वात कक्षात ठेवू शकत नाही.

त्या कक्षात जवळजवळ हवाच नसते. तिथं तेलाचा एक ठसा गेला तर कक्ष साफ व्हायला काही आठवडे लागतात आणि रांगेतल्या पुढच्या सगळ्यांचे दिवस बुडतात. माझे तर आधी. मी फोटो मोठा केला. ती पिवळी पूड ओळखायला मला सूक्ष्मदर्शक नको होता. जन्मल्यापासून माझ्या कपाळावर तीच आहे. बिरोबाचा भंडारा.

मी तिथल्या तिथे आईला फोन लावला.

"आये, माझ्या डबीला हात लावलास तू?"

"लावला की," आई सरळ म्हणाली. "भंडारा लावला. सातासमुद्रापल्याड निघालं हुतं तुजं काम."

"कुणी सांगितलं होतं तुला?"

"सांगायचं काय त्येच्यात? मेंढरं वाडीभाईर काढताना बी म्होरं चालणाऱ्या म्होरकीला भंडारा लावल्याबिगर आपुन पाऊल उचलत न्हाई. सुखरूप जाती, सुखरूप येती."

मग मी जे बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. पाच वर्षांचं वाटोळं केलंस, असं म्हणाले. तेलकट बोट पुसायचीही तुला अक्कल नाही, असं म्हणाले. शेवटचं वाक्य मात्र लिहिते, कारण ते मला अजून टोचतं. "तुला काय कळतंय ह्यातलं?" असं म्हणून मी फोन आपटला.

मॅडम वॉकर टेकत दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी माझा आवाज कमी व्हायची वाट पाहिली.

"झालं बोलून सगळं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग आता चिकटपट्टी आठव."

 आमच्या या स्फटिकाचे अभ्रकासारखे पदर सुटतात. मोजणी करायच्या आधी वरच्या बाजूला चिकटपट्टी लावून ती ओढायची असते. वरचा थर पट्टीबरोबर निघून येतो आणि खाली कुणाचाही हात न लागलेला कोरा पृष्ठभाग उघडा पडतो. भंडारा असो नसो, हे आम्ही करणारच होतो. पाच वर्षांत शेकडो वेळा मी हे केलेलं. रागाच्या भरात तेवढंच विसरले.

मॅडमनी माझ्या शेजारी खुर्ची ओढली आणि एल्केला शांतपणे सांगितलं की ती हळद आहे, सोबत तळणीचं तेल आहे, दोन्ही वरच्या थराबरोबर जाईल. कडा तेवढ्या सूक्ष्मदर्शकाखाली पुसून घे. एल्के म्हणाली की कडा साफ दिसल्या तर तिची हरकत नाही. पुढे म्हणाली, हळद तिच्याही स्वयंपाकघरात असते, पण ती स्फटिकाला लावतात हे तिला माहीत नव्हतं. मला हसू फुटलं. छातीवरचं ओझं उतरलं होतं आणि आईशी आपण जरा जास्तच बोललो, हे हळूहळू जाणवायला लागलं होतं. संध्याकाळी फोन करून मनवू, असं मी ठरवूनही टाकलं.

तेवढ्यात एल्केनं विचारलं, "आधी कोणता बसवू?"

"एक नंबरचा," मी म्हणाले.

"एक नंबर कोणता?"

"झाकणावर लिहिलंय."

 मग तिनं सांगितलं की पार्सल वाटेत कुणीतरी तपासणीसाठी उघडलं होतं. पट्टी कापलेली होती, झाकण वेगळं पडलं होतं आणि तिन्ही स्फटिक एका कागदाच्या पुडीत गुंडाळलेले होते. तिला वाटलं होतं की आमच्याकडे प्रत्येकाचा फोटो असेलच.

आमच्याकडे फोटो होता. बंद झाकणाचा.

मॅडमनी तो फोटो उघडून पाहिला आणि बंद केला. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. कोणत्या तुकड्यात जास्तीचा ऑक्सिजन आहे ते तपासायचं यंत्र पुण्यात होतं, तिथे नव्हतं. एकेक बसवून बघायचा तर चिकटवणं, थंड करणं, जुळवणं यात प्रत्येकाचा दिवस-दीड दिवस जाणार. तिसऱ्यापर्यंत पोचेस्तोवर पाच दिवसांतलं काही उरणार नाही. आणि नुसत्या अंदाजानं एक उचलला तर तिनात एक एवढीच आशा. एल्के म्हणाली की तुम्ही ठरवा, मी अर्ध्या तासात परत येते.

"एकाला खूण आहे," मॅडम म्हणाल्या.

मलाही तेच सुचलं होतं, पण तोंडातून काढवत नव्हतं. भंडारा एकालाच लागला होता. तो कोणाला लावला हे फक्त एका माणसाला माहीत होतं, आणि त्या माणसाला वीस मिनिटांपूर्वी मी विचारलं होतं की तुला काय कळतंय.

"फोन लाव," मॅडम म्हणाल्या. "लाज नंतर वाटून घे."

आईनं पहिल्याच घंटेला उचलला. बहुतेक फोन हातातच धरून बसली होती.

"आये, एक विचारायचं होतं."

"मला इचारतीस?" आई म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच नवल वाटलं होतं, आणि तेच मला जास्त लागलं.

"तुलाच. डबीत तीन होते. तू भंडारा कोणत्याला लावलास?"

"म्होरकीला."

"पण म्होरकी कोणती ते तुला कसं कळलं?"

"तूच दावलंस की. तू फोनवर त्या माणसासंगं भांडत हुतीस. मी इचारलं, ह्यात म्होरकी कोणची? तू डबीवर बोट ठिवलंस. ही, म्हणालीस, हिच्यासाठनं सगळं चाललंय. दाराच्या बाजूची."

मला यातलं अक्षरही आठवत नव्हतं. मी डोळे मिटून बाज, तळण, डबी सगळं समोर आणून बघितलं. फक्त कुरिअरवाल्याचा आवाज आठवला.

"आये, नक्की ना? दुसरीला तर नाही लागला?"

"प्रांजल," आई म्हणाली, "चाळीस मेंढरं मी तोंडावरनं वळखते. तीन खड्यांतला एक मला ध्यानात ऱ्हायचा न्हाई व्हय? आन् म्होरकी सोडून दुसऱ्याला भंडारा कोण लावंल?"

मी मॅडमकडे बघितलं. फोन स्पीकरवर होता. त्यांनी मान हलवली आणि पुढे झुकून म्हणाल्या, "हरणाबाई, तुमच्या भरवशावर लावतोय हां."

"लावा बाई," आई म्हणाली. "भंडारा लागलाय त्येच गुणाला यील."

एल्के परत आली तेव्हा मी सांगितलं, पिवळा बसव. तिनं कारण विचारलं. मॅडम म्हणाल्या की आमच्याकडे प्रत्यक्ष साक्षीदार आहे.

चिकटपट्टी ओढतानाचं चित्र तिनं कॅमेऱ्यातून दाखवलं. पट्टी उचलली गेली आणि तिच्यावर काळा पापुद्रा निघाला, त्यावर आईच्या बोटाचा पिवळा ठसा. खाली स्फटिक आरशासारखा लखलखीत, वर कणभर पूड नाही. एल्केनं विचारलं, पट्टी फेकून देऊ ना? मी म्हणाले, नको, डबीत ठेव.

पुढचा दिवस वाट बघण्यात गेला. खरा की खोटा ते पहिल्या आलेखातच कळणार होतं. इलेक्ट्रॉनच्या बारीक चुंबकत्वाची लाट स्फटिकातून जाते, ती किरणाकडून ऊर्जा काढून घेते, आणि आलेखावर त्या जागी एक उंचवटा येतो. ऑक्सिजन न पाजलेल्या तुकड्यात हा उंचवटा अरुंद, टोकदार. पाजलेल्यात तो पसरतो. तो पसरूनही शिल्लक राहतो का, आणि किती, हाच माझ्या प्रबंधाचा प्रश्न. टोकदार उंचवटा दिसला असता तर आम्ही चुकीचं मेंढरू पुढे काढलं, असा त्याचा अर्थ झाला असता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला किरण लागला. पहिला आलेख भरायला अर्धा तास. सुरुवातीला नुसते इकडेतिकडे ठिपके. मॅडमनी चहा मागवला आणि तो तसाच निवला. मी नखं खात होते; मॅडमनी एकदा माझा हात धरून खाली ठेवला. ठिपके दाट होत गेले. शून्यावरचा मोठा सुळका आधी उभा राहिला, दूर उजवीकडे तांब्याच्या आतल्या हालचालींचे डोंगर आले. मधला भाग बराच वेळ सपाटच वाटत होता.

मग तो हळूहळू वर आला. रुंद, दोन्हीकडे ढळलेला, ऐसपैस. मॅडमनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पडद्याच्या इतक्या जवळ गेल्या की काच नाकाला लागली.

"पसरलाय," त्या म्हणाल्या. "प्रांजल, पसरलाय आणि आहे."

मी रडले. मला ते लिहायला लाज वाटत नाही. पाच वर्षांचा ताठा असा डोळ्यांवाटे गेला की माजघरातली हवासुद्धा हलकी वाटायला लागली. मॅडम म्हणाल्या, रड पोटभर, पण स्फटिक फिरवून पुढच्या कोनाची मोजणी सुरू करून रड. मी डाव्या हातानं डोळे पुसत उजव्या हातानं बटण दाबलं.

उरलेले दिवस मजेत गेले. एकवीस कोन मोजले. पण त्याआधी, त्याच दिवशी मोजणी चालू करून मी आईला फोन केला.

"आये, म्होरकी खरी निघाली."

"मग," आई म्हणाली. "काल सांगितलं न्हवं."

"मी काल लय वाईट बोलले तुला. चुकलं माझं. झाकणावर आकडे लिहून फोटो काढणारी मी, आणि तुला म्हणाले की तुला काय कळतंय."

 पलीकडून मेंढरांचा गलका आणि आबांची हाळी ऐकू आली.

"मला वाईट वाटलं," आई म्हणाली. "वाटलं ते वाटलं. आता सांग, परत कवा यील ती?"

डबी डिसेंबरात परत आली. मी ती पुण्याला न उघडता वाडीला घेऊन गेले. आईनं ओसरीवर पदर पसरला, मी त्यावर डबी उघडली. तीन काळे तुकडे आणि चिकटपट्टीचा एक तुकडा. आईनं ती पट्टी उजेडाकडे धरली आणि आपलं बोट त्या पिवळ्या ठशावर टेकवून बघितलं. बोटाच्या टोकाखाली तो अख्खा झाकला गेला. मग ती आत गेली आणि पट्टी देव्हाऱ्यात बिरोबाच्या टाकाशेजारी ठेवून आली.

प्रबंध फेब्रुवारीत दिला. नमुना कसा ओळखला, हे लिहावं लागतं. तिथे मी लिहिलं: नमुन्याची ओळख हळदीच्या खुणेवरून आणि खूण करणाऱ्या व्यक्तीच्या साक्षीवरून पटवली, खूण करणारी व्यक्ती, हरणाबाई बिराप्पा. एका परीक्षकानं समासात प्रश्नचिन्ह काढून पाठवलं. मॅडमनी त्याला उत्तर लिहिलं की आलेख क्रमांक एक पाहावा, साक्ष खरी आहे. त्यानं प्रश्नचिन्ह मागे घेतलं.

एप्रिलमध्ये, आता मॅडमच्या प्रकल्पातून, नवे स्फटिक पाठवायचे आहेत. यंदा प्रत्येकाचा वेगळा फोटो काढलाय, झाकण लावायच्या आधी. डबी घेऊन घरी गेले तेव्हा आई भाकऱ्या थापत होती. डबी बघून तिनं हात धुतले, पदराला पुसले, पण जागची उठली नाही.

"लावू का न्हको?" तिनं विचारलं.

मी डबी तिच्यापुढे ठेवली आणि म्होरक्या तुकड्यावर बोट ठेवून दाखवलं. "लाव," म्हणाले. "पण आधी बोटाला जरा तेल घे. कोरडा भंडारा इतक्या लांब टिकत नाही."